बायजाबाईची आखणी

कान्हूला कुणी बोलायला उभं केलं की झालं, गडी थांबायचं नाव घेत नसे. सत्त्याण्णव सालच्या श्रावणात रोह्याच्या एका कॉलेजानं हमरापूरच्या या शास्त्रज्ञाला व्याख्यानाला बोलावलं, आणि तो मोठ्या हौसेनं आईलाही घेऊन गेला. बायजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली.

विषय मेंदूचा. एका मज्जापेशीचा निरोप दुसरीला पोचवायला मदत करणारं एक एन्झाइम असतं, पेशींचे सांधे ते घट्ट ठेवतं. म्हातारपणी त्याचं काम बिघडलं की सांधे कसे सैल पडतात, हे कान्हू मुंबईत उंदरांवर तपासत होता. पण मुलं जांभया द्यायला लागली. मग त्यानं, कुठून बुद्धी सुचली देव जाणे, घरच्या मूर्तींच्या कारखान्यातलंच उदाहरण दिलं. गणपतीचे डोळे आखावेत तर त्याच्या आईनं; पण परवा एका मूर्तीचे डोळे आखून झालेत हेच ती विसरली, त्यांवर पुन्हा आखायला बसली, आणि मग घाबरून ती मूर्ती कुणाला न कळता पाण्यात विरघळवून टाकली. मुलं पोट धरून हसली. कान्हूही हसला.

मग त्याची नजर आईकडे गेली. ती तोंडाला पदर लावून खाली बघत होती. ही गोष्ट तिनं एकट्या त्यालाच सांगितली होती.

मागच्या रांगेत रोह्याचे हैबतराव होते. त्यांच्या दुकानातल्या सगळ्या मूर्तींचे डोळे दरवर्षी बायजाबाईच्या हातचे. बाहेर पडताना त्यांनी कान्हूला बाजूला घेतलं आणि अगदी अदबीनं सांगितलं, की यंदा आमच्या मूर्तींची आखणी बायजाबाईंच्या धाकट्या सुनेकडून करून घ्या. आईचा हात अजून पक्का आहे, म्हणून कान्हूनं नाना परीनं सांगून पाहिलं, पण आता त्याचं कोण ऐकतंय! बायजाबाई जवळच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

परतीच्या गाडीत कान्हूला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. निडी, कासू ही स्टेशनं मागे पडली. पेण जवळ आल्यावर आईच बोलली.

"कान्हू, कुनाला सांगू नको म्हनून शपथ घातली होती ना मी तुला? विसरलास काय रे?"

रागानं नव्हे, काळजीनं विचारत होती ती. "माजं दुखनं तुला तर लागलं नाय ना, बाबा?" म्हणत तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला.

शपथ त्याला चांगली आठवत होती. मुलं हसत होती तेव्हाही आठवत होती.

"व्हय आये," तो मान खाली घालून म्हणाला, "विसरलो."