दोन मशीनमधली वायर

प्रबुद्धने खांबावरची तुटलेली जोडणी पिळली, तपासणीचा फोन तारेला लावला आणि एक्स्चेंजला आवाज दिला.

"बोल धुळा, लाईन आली का?"

रोज धुळा म्हणायचा, "आली की माकडा, उतर आता." आज तो म्हणाला, "प्रबुद्धा, खाली उतर आधी."

"अरं, आली का न्हाई ते सांग की."

"आली. तू उतर. पाय भुईला लागू देत, मग बोलू."

"हितंच सांग."

धुळ्याने सांगितलं. नीलिमावहिनी क्लासात शिकवता शिकवता पडल्या. सांगलीला दवाखान्यात नेलंय. पुढचं त्याला ठाऊक होतं, पण खांबावरच्या माणसाला ते सांगायचा त्याला धीर झाला नाही.

तासगावहून सांगलीला जाताना जीपमध्ये प्रबुद्धच्या मनात एकच वेडी गोष्ट येत होती. सकाळी मी केलेला बिघाड तिला अजून सापडला नसेल. डॉक्टरांनी ‘डोक्यातली शीर फुटली’ असं सांगितलं, तेव्हाही तो तोच विचार करत उभा होता.

प्रबुद्धची बायको नीलिमा सांगलीला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची आणि स्वतः नेटवर्किंगच्या परीक्षेचा अभ्यास करायची. परीक्षा पुण्यात, कॉम्प्युटरवरच. नुसतं पुस्तक पाठ करून भागत नाही, हाताने जोडून-मोडून बघावं लागतं, असं ती म्हणायची. क्लासात मशीनपुढे पोरांची रांग असायची. म्हणून घरीच माजघरात दोन जुन्या मशीन मांडल्या होत्या आणि प्रबुद्धने त्यांच्यामध्ये वायर टाकून दिली होती. नीलिमा त्याला लॅब म्हणायची. त्याची आई, बनाबाई, ‘लाब’ म्हणायची आणि रोज केर काढताना वायर पायात येते म्हणून ओरडायची.

त्या दोघांनी त्यातून एक खेळ काढला होता. प्रबुद्धने गुपचूप काहीतरी बिघाड करायचा आणि नीलिमाने तो शोधायचा. एका मशीनवरून दुसरीला हाक मारायची. दुसरीने ओ दिली की जिंकलं. प्रबुद्ध लाईनमन, त्यामुळे त्याचे बिघाड सगळे वायरीतले. कुठे आतली तार मोडून ठेव, कुठे प्लगच्या खाचेत कागदाचा कपटा घाल. नीलिमाला ते चहा उकळायच्या आत सापडायचे.

"हे तुमच्या खात्यातलं झालं," ती म्हणायची. "पेपरात पेटीच्या आतलं विचारतात. जरा आतलं काहीतरी मोडा की."

"आतलं मला कुठं येतंय?"

"मग शिका. खांबावर चढणारा माणूस आकड्यांना भितोय व्हय?"

"आणि तू वायरीला प्लग दाबून बसवायला कवा शिकणार?"

"त्याला तुमी हायसा की."

आकडे तो शिकला. प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता असतो आणि दोघींची गल्ली एकच लागते, तरच एकीची हाक दुसरीला पोचते. त्या दिवशी सकाळी नीलिमा भाकरी थापत असताना त्याने दुसऱ्या मशीनच्या पत्त्यातला गल्लीचा आकडा, म्हणजे तिसरा, एक होता तो काढला आणि तिथे सात घातला. आयुष्यातला पहिला आतला बिघाड. डबा घेताना त्याला हसू आवरेना.

"आज बस शोधत."

"संध्याकाळच्या आत सांगते," ती म्हणाली. हाताला पीठ तसंच होतं. तो डबा घेऊन ड्युटीवर गेला.

नीलिमा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे साताऱ्याकडे परतले. बनाबाईने दोन्ही मशीनवर जुनं लुगडं टाकलं आणि प्रबुद्धने ते उचललं नाही. ती परत येणार नाही, हे त्याला कळत होतं. पण आत सात होता तोवर पाळी तिची होती. दुसऱ्या कुणी तो सात काढला, की खेळ संपला.

राणी दोनदा येऊन गेली. ती नीलिमाच्या क्लासातली, तासगावातल्याच द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबाला होती. दोघी एकत्र परीक्षेला बसणार होत्या. दोन्ही वेळा ती चहा घेऊन, लुगड्याकडे बघून निघून गेली. तिसऱ्या वेळी मात्र बोलली.

"भाऊजी, सोमवारी माझी परीक्षा हाय. क्लासात मशीनला हात लावायला मिळत न्हाई. ताईंची लॅब..."

"ती बंद हाय."

"बंद हाय का बिघडलीया?"

"बिघाड हाय त्यात."

"मग तर लय बरं. मी तेच शिकतीय."

स्वयंपाकघरातून बनाबाईचा आवाज आला.

"बसू दे की रं तिला. झाकून ठेवून काय लोणचं घालायचंय?"

त्याने लुगडं काढलं, घडी घातली, पुन्हा मोडून घातली.

"शोध," तो म्हणाला. "पण सापडलं की मला सांग. तू बदलू नगंस."

राणी मशीन सुरू करून बसली. तो दाराच्या चौकटीला टेकून, तोंड रस्त्याकडे करून उभा राहिला.

"ओ येत न्हाई," राणी म्हणाली.

"येणार न्हाई."

बराच वेळ नुसती बोटांची टकटक ऐकू येत होती.

"भाऊजी, पत्ते दोन्ही बरोबर हायत."

"नीट बघ. तिसरा आकडा."

"एक."

"दुसऱ्या मशीनवर बघ."

"दुसऱ्याच मशीनवर बसलीय की मी. एकच हाय."

तो आत आला आणि पडद्यापुढे वाकला. सात नव्हता. तो खाटेच्या कडेला बसला. त्या सकाळी तो ड्युटीवर गेल्यावर तिची सांगलीची गाडी यायला अवकाश होता. भाकरी झाल्यावर, हात धुऊन ती इथे बसली असणार. तिने शोधलं होतं. संध्याकाळी सांगायचं तेवढं राहिलं होतं.

"पण मग ओ का येत न्हाई?" राणी मशीनच्या मागे वाकून बघत म्हणाली. "आवं, मागचा दिवाच लागत न्हाई. वायरीत हाय कायतरी. हे तर तुमचं खातं, भाऊजी."

त्याने वायर ओढून काढली. एक टोक त्याने केलेलं, जसंच्या तसं. दुसऱ्या टोकाला नवा प्लग होता. वरचं आवरण बोटभर जास्त सोललं होतं आणि आतल्या रंगीत तारा बाहेर उघड्या दिसत होत्या. नवा माणूस पहिल्यांदा असंच सोलतो. प्लग दाबायची पक्कड घरातल्या खणात असायची. ती घेऊन हे तिने स्वतः केलं होतं.

तारांचे रंग मुद्दाम उलटसुलट लावले असतील, तर हा तिने त्याच्यासाठी करून ठेवलेला बिघाड. रंग बरोबर असतील, तर ती त्याच्या पाठीमागे प्लग दाबायला शिकत होती आणि दाब कमी पडला होता. प्लग पारदर्शक होता. एका नजरेचं काम होतं.

प्रबुद्धने त्या प्लगवर मूठ मिटली.

"काय झालं?" राणीने विचारलं.

"काय न्हाई. वायर बदलू या."

त्याने खणातून नवी वायर काढली, दोन्ही टोकांना प्लग दाबले आणि मशीनना लावली. मागचा हिरवा दिवा लागला. राणीने हाक मारली, पलीकडून लगेच ओ आली. "आली, आली!" म्हणत ती खुर्चीतच उडाली आणि मग त्याच्याकडे बघून तिने हात मशीनवरून मागे घेतला.

"कर की अभ्यास," तो म्हणाला. "उद्या पण ये. परीक्षेपर्यंत ये."

राणी पास झाली. पेढे घेऊन आली, तेव्हा बनाबाईच्या पाया पडली आणि निघताना उंबऱ्यात थांबली.

"भाऊजी, त्या वायरीत काय बिघडलं हुतं?"

"बघितलं न्हाई अजून."

ती वायर त्याने गुंडाळून फळीवर ठेवली आहे. तपासायचा मीटर रोज त्याच्या पिशवीत असतो, आणि खरं तर मीटरचीही गरज नाही. त्या टोकातले रंग बघायचे राहिले आहेत.