एका हाताने मिटणारी

मी एक जुनी बाबागाडी आहे आणि सध्या एका म्हाताऱ्याच्या काखेत मिटलेली आहे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला तुकड्यातुकड्यांनीच ऐकावी लागेल. मला उघडले की दिसते. मिटले की दिसणे बंद होते आणि फक्त ऐकू येते. त्याला माझा इलाज नाही.

उघडी

माझा जन्म परभणीचा. सटवाजी नावाचा माणूस लग्नमंडपाच्या घडीच्या खुर्च्या दुरुस्त करायचा. त्याने एका मोडक्या घडीच्या खाटेच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, लहान मुलांच्या सायकलींची चाके जोडली आणि मला उभी केली. माझी निळी बैठक त्याच्या आईने, सुलाबाईने, दुहेरी दोऱ्याने शिवली.

सटवाजीची बहीण सत्यशीला ताडकळसच्या शाळेत शिक्षिका होती. तिचा नवरा नागनाथ कुवेतला नोकरीला होता. जाताना तो बोलला होता, की परदेशात छत्रीसारख्या मिटणाऱ्या बाबागाड्या असतात. सटवाजीने तशी गाडी कधी पाहिली नव्हती. छत्री मात्र पाहिली होती. तेवढे त्याला पुरले.

माझी पहिली सवारी म्हणजे एक लाल भोपळा. लेकरू बसवायला सुलाबाई तयार होईना, म्हणून भोपळा बसवला. दोन पावले गेले नाही तोच मी आपोआप मिटले आणि भोपळा गडगडत शेजारच्या ओट्याखाली गेला. सगळी गल्ली हसली. सटवाजी हसला नाही. त्याने माझ्या पाठीला एक लोखंडी कडी लावली. कडी अडकवली की मी ताठ, अंगठ्याने उचलली की मी गप्प. ती कडी हा माझा एकुलता एक दागिना आहे, आणि तो मी कुणाला सांगितल्याशिवाय राहत नाही.

मिटलेली

मला पोत्यात गुंडाळून ताडकळसला नेले. घरात आवाज चढलेले होते.

विमानाची तिकिटे आली होती. सत्यशीलाला दोन लेकरे घेऊन एकटीलाच जायचे होते. आनंद अंगावर पिणारा. विशाखा तीन वर्षांची, हात सुटला की पळणारी आणि पळून दमली की जमिनीवर बसकण मारणारी. सत्यशीलाचे सासरे तात्याराव पूर्वी जिनिंगवर मुकादम होते. त्यांचा आवाज अजून कापसाच्या ढिगावरून यायचा तसाच यायचा. त्यांचे म्हणणे एकच होते, की विशाखाला इथे ठेवून जा, मोठी झाली की नेता येईल.

"दोन हात हायेत तुला," ते म्हणाले. "एका हातात आनंद, दुसऱ्यात पिशवी न् कागदं. पोरगी कोन धरनार?"

"पोरगी गाडीत बसंल, तात्या."

मग तात्याराव म्हणाले, की असे असेल तर गाडी ते स्वतःच आणतील.

उघडी

पोते सुटले, सटवाजीने मला उघडले आणि मी पाहिले तर अंगणात आम्ही तिघी.

एक तात्यारावांनी परभणीच्या एका साहेबाच्या बंगल्यावरून मागून आणलेली. काळी, उंच, सायकलीएवढ्या चाकांची, डोक्यावर टप. दुसरी शेजारच्या बायनाबाईने दिलेली, तिच्या भावाने हैदराबादहून आणलेली, घडीची पण जड. आणि तिसरी मी.

तात्यारावांनी मला पायाच्या अंगठ्याने ढकलून पाहिले. "पाव्हणं, ही गाडी हाय का छत्री?" सटवाजी मान खाली घालून माझी कडी पुसत राहिला.

त्या घरात विमान जवळून पाहिलेले कुणी नव्हते. विमानाचे दार केवढे, आत जागा किती, कुणाला ठाऊक? सत्यशीलाने डोके चालवले. ताडकळसच्या बाजारादिवशीच्या यष्टीपेक्षा विमानात जास्त गर्दी असूच शकत नाही, असे तिने ठरवून टाकले. जी गाडी त्या यष्टीत, कडेवर लेकरू घेऊन, कुणाची मदत न मागता चढेल, ती विमानात जाईल.

तात्यारावांना हे पटले. फक्त त्यांनी पुढे जोडले, की एकही चढली नाही तर विशाखा इथेच राहील. सत्यशीला हो म्हणाली. तिचा आवाज किंचित कापला होता. मिटलेली असताना मला तो जास्त स्पष्ट ऐकू आला असता.

बाजारचा दिवस. काळी गाडी यष्टीच्या दारात आडवी अडकली ती अडकलीच. कंडक्टर लिंबाजीने ती वर टपावर टाकायला सांगितले, आणि ह्या पालखीचे वेगळे लगेज लागेल असेही बजावले.

"तात्या," सत्यशीलाने वळून विचारले, "विमानाच्या टपावर सामान चढवत्यात का?"

अख्खी यष्टी हसली. तात्याराव सोडून.

हैदराबादची गाडी मिटायला दोन्ही हात लागले. आनंदला तेवढ्यापुरते यष्टीत दाराजवळ बसलेल्या कडूबाईने घेतले. तिच्या मांडीवर आधीच दोन कोंबड्या होत्या. गाडी मिटली, आत आली. पण सत्यशीलाने स्वतःच मान हलवली. विमानात कडूबाई कुठून आणणार?

आता माझी पाळी. विशाखा माझ्यात बसली होती आणि गुळाची रेवडी चघळत होती. मला सगळे दिसत होते. मिरच्यांचे ढीग, बैलांची शिंगे, यष्टीची लाल पायरी, तात्यारावांचे घट्ट मिटलेले ओठ. सत्यशीलाने विशाखाला पायरीवर उतरवले, आनंदला डाव्या कडेवर सरकवले, उजव्या अंगठ्याने माझी कडी उचलली आणि

मिटलेली

चपला. कोंबड्या. घंटी. लिंबाजी तिकिटे फाडत जवळ आला आणि म्हणाला, "बाई, ती गाडी कुठं ऱ्हायली?"

सत्यशीलाने पाय उचलला. मी तिच्या टाचांखाली होते.

मित्रांनो, कंडक्टरला मी दिसले नाही. आयुष्यात माझे पुष्कळ कौतुक झाले, पण एवढा मोठा मान मला पुन्हा मिळाला नाही.

त्या संध्याकाळी मी भिंतीला टेकून होते. तात्याराव एकटेच माझ्याजवळ येऊन बसले असावेत, कारण विडीचा चुरचुर आवाज येत होता. मग सत्यशीलाच्या बांगड्या वाजल्या. तिने विचारले, की एवढी मोठी काळी गाडी त्यांनी का शोधून आणली? चढणार नाही हे मुकादमाला कळले नसेल का?

"कळत व्हतं," तात्याराव म्हणाले. "गाडी जाईना तर पोरगी तरी ऱ्हाईल, असं वाटलं. घर लय मोकळं व्हायलंय, शीला."

थोड्या वेळाने तिने मला उचलले आणि त्यांच्या हातात दिले. कडी कशी उचलायची ते दाखवले. मला त्यांनी उघडले, मिटले, उघडले, मिटले.

उघडी

मुंबईच्या विमानतळावरची फरशी! माझी चाके अशा फरशीवर कधी चालली नव्हती. सटवाजी बाहेरच्या काचेपर्यंतच येऊ शकला. विशाखा माझ्यात, आनंद कडेवर, कागद पिशवीत, पिशवी माझ्या दांड्याला. सत्यशीलाचा एक हात मोकळा होता. त्या मोकळ्या हाताने तिने भावाला निरोप दिला.

विमानाच्या दारात तिने मला मिटले. हवाईसुंदरी म्हणाली, की ही दाराजवळच्या कपाटात, साहेबलोकांच्या कोटांशेजारी उभी राहील. सटवाजीची कडी तेव्हा ढगांच्या वर होती.

मिटलेली

कुवेतला लेकरे मोठी झाली. मी दाराआड गेले. माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले. मग सत्यशीलाने गावाकडे येणाऱ्या एकाबरोबर मला परत पाठवले, ज्याला लागेल त्याला द्या म्हणून.

मी पुष्कळ फिरले. झरीच्या सरजाबाईचा नातू माझ्यात बसून औरंगाबादच्या दवाखान्यात गेला आणि बरा होऊन आला. पाथरीकडे कुणी मला सरकीची पोती ओढायला लावले. पावसाळाभर ते मला अंगणातच विसरले. बैठक कुजली, कडी गंजली. मला मिटताही येईना, उघडताही येईना. अर्धवट उभी राहून मी काय पाहिले ते सांगण्यासारखे नाही.

तात्याराव स्वतः जाऊन मला घेऊन आले. सटवाजीकडून नवी बैठक लावून घेतली. तेव्हापासून दर बाजाराला ते मला खुंटीवरून काढतात, कडीला तेलाचा थेंब सोडतात, एकदा उघडतात, रिकाम्या बैठकीकडे बघतात आणि मिटतात.

मित्रांनो, घडीच्या वस्तूला वापरापेक्षा विसरणे जास्त झिजवते. तिला मोकळ्या हाताने तेल लावा. आणि तिच्याजवळ बोलताना जपून बोला, कारण मिटलेल्या वस्तूला ऐकू येते.

उघडी

आज यष्टीच्या थांब्यावर तात्यारावांनी मला उघडले. बाळ कुठेच नव्हते. लाल यष्टी थांबली आणि कुवेतहून सुट्टीला आलेली, आठ वर्षांची, दोन वेण्यांची विशाखा आईच्या आधी उडी मारून उतरली.

"आजोबा, मी चालते आता," ती माझ्याकडे बघून हसली.

"म्हाईत हाय," तात्याराव म्हणाले. "पर हिला तुला बघायचं व्हतं."

तिने माझ्या कडीवरून बोट फिरवले. बोटाला तेल लागले. मग तात्यारावांनी मला मिटले, एकाच हाताने. दुसरा हात विशाखाने धरला होता.