तुकिनेम, एवढंच

प्रिंटरमधून पहिलं प्रमाणपत्र बाहेर आलं आणि वेनिंगने कपाळावर हात मारला. ‘तुकिनेम क्रेबेत’. दुसरं ‘सामियेम क्रेबेत’. तिसरी बाई, तीही क्रेबेतच! क्रेबेत हे त्यांच्या वाडीचं नाव. तासाभरात आज्यांच्या शाळेचा पदवीदान समारंभ, आणि या पोरीने अख्खी वाडी एका घराण्यात घालून ठेवली होती.

प्रमाणपत्रांवरच्या फोटोंच्या फाइलींची काही चूक नव्हती. ‘फोटो_तुकिनेम_क्रेबेत’ अशा सरळ: आधी फोटो, मग नाव, शेवटी वाडी, मधे खालच्या रेघा. घोळ घातला होता वेनिंगच्या स्क्रिप्टने, म्हणजे फाइलींवरून नावं छापणाऱ्या तिच्या छोट्या प्रोग्रॅमने. शहरातल्या हॉटेलात परदेशी पाहुण्यांसाठी लिहिलेली स्क्रिप्ट बाईसाहेबांनी जशीच्या तशी इथे आणली. ती फाइलीच्या नावातला दुसरा तुकडा नाव म्हणून उचलायची आणि तिसरा आडनाव म्हणून. जावा बेटावरच्या जुन्या माणसांना एकच नाव असतं, हे इथेच जन्मलेली वेनिंग पालुपी साफ विसरली!

"झालं का गं, न्दुक, माझ्या पोरी?" पायरीवर भाजीच्या शेंगा मोडत बसलेल्या म्बाह दर्मोंनी, म्हणजे दर्मो आजींनी विचारलं.

वेनिंगने कागद पाठीमागे लपवला. पण म्बाहनी तो ओढून घेतलाच. पंच्याहत्तरीत वाचायला शिकलेली बाई, समोरचा कागद सोडते होय!

"तु-कि-नेम," त्यांनी बोट फिरवलं. चेहरा उजळला. बोट पुढे सरकलं आणि तो उतरला. "हे शेपूट कुणी लावलं?"

"चुकून झालं, म्बाह."

"पंचावन्न वर्षं नवऱ्याच्या नावाने हाका ऐकल्या. दर्मो, दर्मो, दर्मो. एका कागदावर तरी माझं एकटीचं नाव हवं होतं गं. आता सासरची वाडी कशाला त्यात?"

वेनिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पण मी करू काय? कुणाचं एक नाव, कुणाची तीन. किती तुकडे मोजायचे?"

"मोजतेस कशाला? मी शेंग मोजून मोडते का? हे एक टोक, हे दुसरं. दोन्ही काढून टाकायची. मधली केवढी का असेना!"

वेनिंग बघतच राहिली. मग म्बाहच्या गालाचा मुका घेऊन आत पळाली. स्क्रिप्टमध्ये हॅशच्या खुणेने फाइलीच्या नावाचं पहिल्या रेघेपर्यंतचं डोकं उडवलं, टक्क्याच्या खुणेने शेवटच्या रेघेपासूनचं शेपूट. दोन ओळींचं काम! प्रिंटर खडखडला. तुकिनेम. सामियेम. तीन नावांच्या सुलास्त्री निंग राहायुसुद्धा अख्ख्या बाहेर आल्या.

सभागृहात चाळीस आज्या काळे झगे घालून बसल्या होत्या, कित्येकींच्या पायात रबरी चपला. गावप्रमुखाने पहिला कागद उचलला.

"तुकिनेम!"

कुणीच उठलं नाही. लोक माना वळवून बघू लागले. ही कोण बुवा? म्बाह दर्मोंच्या हातची भजी खाऊन वाढलेल्या गावप्रमुखालाही पत्ता नव्हता. दाराशी उभ्या वेनिंगने टाचा उंचावून रांगा धुंडाळल्या. पुन्हा काही चुकलं की काय?

तिसऱ्या रांगेत म्बाह दर्मो डोळे मिटून बसल्या होत्या. सामियेमने त्यांना कोपराने ढोसलं. "अगं ऊठ की, तुलाच बोलावताहेत!"

"कळतंय मला," म्बाह डोळे न उघडता म्हणाल्या. "ए पोरा, पुन्हा एकदा म्हण की रे. जरा मोठ्याने."