होडीचं तेल प्यायलेला मिट

मित्रांनो, आधी नाक धरा. धरलंत? मग ऐका. मी एक जुना मिट आहे. बेसबॉलमध्ये बॅटवाल्या मुलीच्या मागे उकिडवी बसून जी बॉल पकडते ना, ती कॅचर. आणि तिच्या हातातला जाडजूड चामड्याचा पंजा म्हणजे मी! २०१५ला मी डहाणूच्या एका शाळेत आलो तेव्हा काय ऐट होती माझी! साधे ग्लोव्ह्ज चिक्कार, पण मिट एकटा मीच.

पण आल्या दिवसापासून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. कारण शाळेत कॅचर तीन आणि वाद एकच. एक नंबर कोण?

कासाजवळच्या पाड्यावरची सोमी एक नंबर, असं बऱ्याच जणी म्हणायच्या. तिने बॉल घेतला की धप्प, आणि लगेच तो पार समोरच्या सेकंड बेसवर! तो बेस चोरून गाठायला पळणारी मुलगी अर्ध्या वाटेतच बाद. मला पटायचं. मग यायची स्टेशनजवळची भाविनी. तिच्या हातून बॉल सुटायचे, पण तोंड बंद नाही. "ए हिरी, डावीकडे सरक! ठकी, झोपलीस काय गं?" आणि खरंच, बॉल ठकीकडेच जायचा! मग मला वाटायचं, छे, एक नंबर हीच.

तिसरी चिखले गावची जमुना, होडीवाल्या चंदरची मुलगी. ती बॉल घेताना हात जरासा मागे ओढायची, त्यामुळे मला लागायचंच नाही. पण तिचा थ्रो सेकंड बेसपर्यंत टप्पे खात जायचा. म्हणून ती कायम तीन नंबर. "आली बघ तीन नंबरची गाडी," असं सगळ्या चिडवायच्या. ती हसायची, पण माझ्या आत मूठ आवळायची. मला कळायचं ना!

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या मॅचेस ठरल्या. खेळाचे उमेश सर म्हणाले, "कॅचर दोनच नेणार. शनिवारी ट्रायल." म्हणजे एक जण घरी बसणार. कोण, ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. जमुनालाही.

तेव्हा मी उन्हाने कडक झालो होतो. सर म्हणाले, "याला जरा तेल लावून आणा गं कुणीतरी."

"मी नेते सर!" जमुनाच पुढे.

आता तिच्या घरी तेल म्हणजे कुठलं? होडीच्या फळ्यांना लावतात ते माशाचं तेल, पडवीत डबाच भरलेला! खाऱ्या पाण्यात फळी टिकते, मग चामडं का नाही टिकणार, असं तिचं डोकं. तिने मला असं माखलं, असं माखलं, आणि बोंबील वाळतात त्या बांबूवर नेऊन टांगलं. एक मांजर खाली बसून माझ्याकडे टक लावून बघत होतं. मी मिट आहे की मासा, मलाच कळेना.

शनिवारी भाविनीने मला हातात घातलं आणि किंचाळलीच, "अरे बाप रे, आ शुं छे?" तिने नाक धरलं, बॉल गेला मागे. सोमीने मला लांब धरून तोंड फिरवलं, बॉल गुडघ्यावर. सर लांबून बॉल टाकत होते, त्यांना काही कळेना. "आज झालंय काय तुम्हाला?" मग आली जमुना. तिला काय, रोजचाच वास! एकही बॉल सोडला नाही.

"जमुना एक नंबर!" सर म्हणाले.

तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! तेवढ्यात भाविनी ओरडली, "मुद्दाम केलंस तू! आम्ही घालूच नये म्हणून!"

"काय केलं मी?"

"किती वास मारतोय तो!"

"कसला वास?" जमुनाने मला नाकाला लावलं. परत लावलं. "हा? हा तर तेलाचा आहे."

सोमी म्हणाली, "जमने, कुंपणावर बघ. मांजरं आलीत."

खरंच आली होती! मी तर पुरता गोंधळलो. एक नंबर जमुना, की एक नंबर तेल?

जमुना माझ्याकडे बघत राहिली. गप्प बसली असती तरी चाललं असतं, सरांनी नाव घेतलंच होतं. पण ती सरांकडे गेली. "सर, ट्रायल परत घ्या. त्यांना वास येत होता. मला येत नव्हता."

सोमीने कुंपणाजवळचा गवती चहा तोडला, चुरगळला, रुमालात घातला आणि दोघींनी तो नाकावर बांधला. जमुना म्हणाली, "मला पण द्या. सारखं पाहिजे." तिघी डाकूंसारख्या! या वेळी सोमीचे थ्रो सुसाट. भाविनीची बडबड रुमालातूनही चालू, आणि नेमका त्याच दिवशी तिने एकही बॉल सोडला नाही. जमुनाचा थ्रो परत टप्पे खात गेला.

तीच घरी बसली.

"रागावलीस?" सोमीने विचारलं.

"मॅचेस झाल्या की मिट परत आणून दे," जमुना म्हणाली. "मी पुसून ठेवते."

आणि शाळा सोडेपर्यंत तिने दर मॅचनंतर मला पुसलं. तेल तेच, पण आता बोटभरच.

मग तिघी दहावी होऊन गेल्या, खेळ बंद पडला, आणि आम्हाला पोत्यात भरून ओल्या खोलीत टाकलं. कुणी विचारलं नाही. २०१९ला सोमी नव्या मुलींना शिकवायला आली आणि तिने पोतं उपडं केलं. बाकीच्या ग्लोव्ह्जना बुरशी, तडे, शिवणी उसवलेल्या. मी मात्र मऊसूत! तिने मला नाकाशी नेलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

एका छोट्या मुलीने विचारलं, "ताई, तुमच्या वेळी एक नंबर कॅचर कोण होती?"

"मीच," सोमी म्हणाली. मग मला उलटसुलट करून बघितलं. "पण माझ्यावर सोडला असता तर हा पण कधीच तडकला असता. तू यालाच विचार."

त्या वेडीने मला खरंच कानाला लावलं! मी काय सांगू? थ्रोला सोमी, तोंडाला भाविनी. पण मला विचाराल, मित्रांनो, तर माझा जीव ज्या हातात राहिला तो हात तीन नंबरचा होता. म्हणून आपल्या वस्तू खेळून झाल्यावर फेकू नका, पुसा, तेल लावा. फक्त डबा कुठला ते आधी बघा.

सोडा आता नाक.