सैतानाच्या कढईची नोंद

नकाशा कार्यालयाच्या दप्तरी सैतानाच्या नावावर एकूण अकरा ठिकाणं होती. सैतानाचा जिना म्हणजे कड्यातल्या कपारी, सैतानाचं जातं म्हणजे दोन गोल खडक, सैतानाची उशी म्हणजे एक टेकाड. एवढी इस्टेट माणसाच्या नावावर असती, तर भाऊबंदांनी कधीच वाटण्या करून घेतल्या असत्या. आता साहेबांनी वाटण्या काढल्या होत्या. नवा नकाशा छापायला जायचा होता आणि त्यात अशी अभद्र नावं नकोत, असं वरून आलं होतं. दहा नावं ताईनं खोडली. अकरावं आलं, सैतानाची कढई, आणि तिनं पेन खाली ठेवलं.

ताई म्हणजे नकाशावर नावं लिहिणारी. एकोणीस वर्षं तेच काम, त्यामुळे सगळं कार्यालय तिला ताईच म्हणायचं. कढई हा नदीतला एक गोल डोह. साहेब त्याचं नाव ठेवणार होते चांदणडोह, आणि काठाला पोहणाऱ्यांसाठी पायऱ्या बांधायचं ठरलं होतं. ताईला खुपत होतं ते वेगळंच. जुन्या मोजणीच्या कागदावर सगळ्या नदीची खोली लिहिलेली होती, फक्त त्या डोहात आकड्याच्या जागी फुली होती. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं की वजन बांधलेली दोरी तीनदा टाकली, तिन्ही वेळा सरळ खाली न जाता खडकाखाली ओढली गेली.

तिनं तो कागद साहेबांना दाखवला. साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. त्यांनी नावनोंदीची वही उघडली. तिथं नावाचं कारण म्हणून सुरेख गोष्ट लिहिलेली होती: सैतान एका देखण्या मुलीवर भाळला, तिला डोहात घेऊन गेला, आणि ती अजून त्याच्या कढईत रांधते. सगळे हसले. अशा भाकडकथेसाठी जुनं नाव राखायचं का, असं साहेबांनी विचारलं. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण ते अक्षर तिच्या वडिलांचं होतं. नाना याच कार्यालयातून निवृत्त झालेले.

वहीतलं कारण बदलायचे दोनच मार्ग होते. एक तर ठिकाण आधीपासून ठाऊक असलेले तीन साक्षीदार आणायचे, नाहीतर ज्याच्या हातची नोंद, त्यानं स्वतः लाल शाईनं ती खोडायची. नानांचा प्रश्नच नव्हता. ही गोष्ट तिथल्याच लोकांनी सांगितली, असं ते आयुष्यभर सांगत आले होते. शाळेच्या पुस्तकात तिचा धडा झाला होता आणि ते पान चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलेलं होतं. नव्या नावावर शुक्रवारी सही व्हायची होती. मग उरले तीन साक्षीदार आणि तोवरचे चार दिवस.

डोहाकाठची वस्ती केव्हाच उठून गेली होती. दोन दिवस पायपीट करून ताईला एक म्हातारा मेंढपाळ सापडला. त्यानं सांगितलं ते तिनं लिहून घेतलं, त्याचा अंगठा घेतला. तिसऱ्या दिवशी त्याच्याच सांगण्यावरून ती एका म्हातारीकडे गेली. म्हातारी दारात बसून टोपली विणत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं.

"नाव माझ्या आईनं ठेवलं. माझी थोरली बहीण गेली त्यात. वरून पाणी कसं, झोपलेल्या मांजरासारखं. खाली ओढ. पाण्याला मुलं भीत नाहीत बाई, सैतानाला भितात. त्या दिवसापासून एकही मूल गेलं नाही तिथं."

मग म्हातारी म्हणाली की हे सगळं मागे एका नोंद घेणाऱ्यालाही सांगितलं होतं. त्याला पटेना म्हणून त्यानं डोहात लाकूड टाकून पाहिलं, आणि ते कुठं वर येतं हे बघत दुपारपर्यंत बसला होता शहाणा. ताईनं खाली मान घालून अंगठा घेतला. तो शहाणा कोण, हे तिनं सांगितलं नाही. तिला लाज वाटली, आणि संतापही आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

घरी नाना रेडिओ उघडून बसले होते. तिनं चप्पलसुद्धा काढली नाही.

"नाना, लाकूड कुठं वर आलं होतं?"

नानांनी स्क्रू बशीत ठेवला.

"खडकाच्या पलीकडे," ते म्हणाले. "पाऊण तासानं."

"मग तसं लिहिलं का नाही?"

"तसं लिहिलं असतं, तर वाचलं कुणी असतं?"

आता वाचतात आणि हसतात, असं तिनं तोंडावर सांगितलं. ती रांधणारी मुलगी कुणाची तरी थोरली बहीण होती, हेही सांगितलं. मग नाना भडकले. जन्मभर मिळवलेलं नाव चारचौघांत स्वतःच्या हातानं पुसू का, म्हणाले. ताई म्हणाली, हो. तिनं मनधरणी केली नाही की रडली नाही. शुक्रवारी अकरा वाजता, एवढं सांगून ती आत गेली. त्यानंतर शुक्रवार उजाडेपर्यंत बापलेकीत चहापुरतंसुद्धा बोलणं झालं नाही.

शुक्रवारी तिनं दोन जबान्या टेबलावर ठेवल्या. दोनच, असं साहेब म्हणाले. तिसरा येतोय, असं तिनं ठोकून दिलं. येईल याची तिला खात्री नव्हती, पण उठायचं नाही हे ठरलं होतं. ती जबान्या शब्दन् शब्द वाचत राहिली. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, आणि शेवटी नव्या नावाच्या कागदावर सही करायला पेन उघडलं.

नाना आले ते इस्त्रीचा सदरा घालून. साहेब उठून उभे राहिले, तुमचा धडा आम्हाला तोंडपाठ होता म्हणाले. नानांनी मान हलवली आणि वही मागितली. खिशातलं पेन काढलं, तर ते काळं. ताईनं आपलं लाल पुढं केलं. रेघ सरळ आली. गोष्टीच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत त्यांनी एकेक ओळ खोडली. मग खाली लिहिलं: 'खडकाखाली पाण्याची ओढ. एक मुलगी बुडाली. तिच्या आईनं इतरांची मुलं वाचावीत म्हणून हे नाव ठेवलं. मला हे तेव्हाच माहीत होतं.'

साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. शेवटचं वाक्य वाचताना त्यांचा आवाज खाली आला. मग त्यांनी चांदणडोहाचा कागद फाडला आणि पायऱ्यांचं काम थांबवायची चिठ्ठी लिहायला घेतली.

ताई आपल्या टेबलाशी गेली. नकाशा पसरला, निळ्या रेघेवरचा तो छोटा गोल शोधला आणि नाव लिहायला घेतलं. नाना मागे येऊन उभे राहिले होते.

"जरा ठळक काढ," ते म्हणाले. "लांबून वाचता आलं पाहिजे."