पायरीखालचा वीर

आकितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी ठकी पळसाच्या पानावर नागलीची भाकर आणि वालाचं बिरडं घेऊन ठाकरवाडीतून खाली उतरली, तर पिंपळाखाली वीर नव्हता. नुसता खड्डा होता. तिच्या नवऱ्याचा पणजा गोऱ्या पलटणीशी लढताना घाटात पडला, त्याचा तो दगड. कोयता उगारलेला माणूस त्यावर कोरलेला. वर्षातून एकदा त्याला घास मिळायचा, तो आज.

शोधायला लांब जावं लागलं नाही. विलायतेच्या बादशहाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून उद्या कर्जतला सोहळा होता, आणि आज मामलेदार गावोगाव सभा घेत फिरत होते. भिवाजी पाटलानं चावडीपुढं कमरेएवढा चौथरा रचला होता. चढायला एकच पायरी, आणि ती म्हणजे पालथा घातलेला वीर.

"पाटील, ह्यो आमचा वीर हाय."

"दगड हाय गं. मापाचा गावला. उद्या देतो लावून."

"उद्या आकिती नाय."

पाटील हसून पताका बघायला गेला. ठकीच्या अंगाचा तिळपापड झाला. याच्या घरी पितरांची घागर पहाटेच भरून झाली असणार. याचे ते पितर, आणि ठाकराचा तो धोंडा!

मामलेदार आले. त्यांचा बूट वीराच्या पाठीवर पडला तेव्हा ठकीनं डोळे मिटले नाहीत. तिला ते विसरायचं नव्हतं.

भाषणाला शाळेचे आबाजी मास्तर उभे राहिले. राजकारण नको, अशी ताकीद होती, म्हणून त्यांनी दूरदेशीची गोष्ट काढली. सत्तरेक वर्षांमागं मेक्सिकोवर फ्रेंचांची नावाजलेली पलटण चालून गेली. मे महिन्याच्या याच पाच तारखेला पुएब्ला गावच्या टेकडीवर तिला अडवलं. अडवणाऱ्यांत डोंगरातली माणसं होती, शेतातले कोयते घेऊन आलेली. पाऊस आला, उतार निसरडा झाला आणि पलटण मागं फिरली. फ्रेंचांनी पुढं देश घेतलाही, पण पाच वर्षांत त्यांना तिथून चालतं व्हावं लागलं.

हरले ते फ्रेंच, म्हणून मामलेदारांनी खुशाल टाळ्या वाजवल्या. मग मास्तर पायरीकडं बघत म्हणाले, "तिथं आजच्या दिवशी त्या मेलेल्यांना मानवंदना देतात. त्यांच्यावर पाय ठेवून कोणी चढत नाही."

पाटलानं मान फिरवली. ठकी मात्र उठली. गर्दीतून नीट पुढं आली, पायरीवर पान मांडलं, भोवती पाणी फिरवलं आणि शेजारी बसली.

सभा संपली. मामलेदारांनी उतरायला पाय उचलला आणि तसाच वर घेतला. ते स्वतः सकाळी तर्पण करून निघालेले, आकितीचा नैवेद्य ओलांडणार कसे?

"पाटील, हे उचला."

पाटलाचा हात पुढं होईना. पितर जेवायच्या आधी पान काढायचं पाप त्यालाही नको होतं. "ठके, तू उचल गं."

"उचलते. पन वीर पालथा हाय, पाटील. पालथ्यानं जेवंल कसा?"

उन्हात मामलेदारांना घाम फुटला होता. लोकांतला एकही जण जागचा हलत नव्हता. शेवटी पाटलानं मुंडासं काढून ठेवलं. ठकीनं पान उचललं, त्यानं दगड उपसला आणि शिपायाला हाताशी घेऊन पिंपळाखाली नेऊन उभा केला. मागं मामलेदारांनी धोतर सावरत चौथऱ्यावरून उडी मारली.

ठकीनं पदरानं वीराच्या पाठीवरची बुटाची माती पुसली आणि पान पुढं ठेवलं.

"झालं ना गं समाधान?" पाटील धापा टाकत म्हणाला.

"नाय," ठकी म्हणाली. "पुढल्या आकितीला तुमची घागर आधी हितं आना."