कायम

हमदुल्ला लाँचच्या पोटात पालथा पडून इंजिनाचा पाण्याचा पंप सोडवत होता, तेव्हा धक्क्यावरून कुणीतरी त्याला पूर्ण नावाने हाक मारली. हमदुल्ला इब्राहिम वांगडे. दुबईच्या खाडीवर या नावाने त्याला कुणी ओळखत नव्हते. अरब नाखवे त्याला हमद म्हणत आणि कोकणातली माणसे मिस्त्री. त्याने डोके वर काढले. धक्क्यावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक गृहस्थ काखेत चामडी बॅग धरून उभा होता.

तो रफिक मुकादम. मुंबईत त्याचा लाकडाचा व्यापार होता, आणि रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी पक्षाचे काम तो बघत असे. हमदुल्लाने त्याला गावातल्या एका सभेत व्यासपीठावर पाहिले होते. असा माणूस विमानाने दुबईला येऊन आपल्याला शोधत धक्क्यावर यावा, याचे त्याला नवल वाटले. हात पुसून तो वर आला आणि दोघे कडेच्या चहाच्या टपरीत बसले.

रफिकने आधी घरची खुशाली विचारली. खैरुन्निसाभाभी कशा आहेत, मुलींची शाळा कशी चालली आहे. मग धाकट्या भावावर आला. मुनीर तीन वर्षे प्राथमिक शाळेत तात्पुरता शिक्षक होता. त्याला कायम करण्याचा कागद जिल्ह्याच्या कचेरीत तयार आहे, फक्त सही व्हायची आहे, असे रफिक म्हणाला. हमदुल्लाला बरे वाटले. पण इतकी गोड बातमी द्यायला कुणी समुद्र ओलांडून येत नाही, हेही त्याला कळत होते.

काम निघाले ते न्यायमूर्ती अन्वर खतीब यांचे.

खतीबसाहेब मूळचे त्यांच्याच बाजूचे. रत्नागिरीला वकिली करत होते तेव्हा त्यांनी हमदुल्लाच्या आईचा, हव्वाबीचा, दावा चालवला होता. नवरा वारल्यावर दिरांनी तिला घराबाहेर काढायचे ठरवले होते. खतीबांनी चार वर्षे तारखा केल्या, घर तिचे तिला मिळवून दिले, आणि फी म्हणून फणसाच्या दिवसांत तिच्या हातची सांदणे खाल्ली. पुढे ते हायकोर्टात जज्ज झाले. दोन वर्षांच्या मुदतीचे जादा न्यायाधीश. मुदत जानेवारीअखेर संपत होती. त्याआधी सरकारने शिफारस केली तर ते कायम होणार होते, नाहीतर घरी जाणार होते. आणि फेब्रुवारीत, सदुसष्ट सालच्या, निवडणूक होती.

अडचण अशी होती की खतीबांनी त्या पावसाळ्यात एक निकाल दिला होता. मच्छिमारांची किनाऱ्यावरची जागा सरकारने एका कारखान्यासाठी घेतली होती आणि कारखाना मंत्र्यांच्या सोयऱ्याचा होता. ती जागा घेणे बेकायदा आहे असे खतीबांनी ठरवले. विरोधी पक्ष तो निकाल छापून गावोगाव वाटत होता. आता त्याच जज्जाला निवडणुकीच्या तोंडावर सरकारने कायम केले, तर आपली चूक कबूल केल्यासारखे होणार, आणि उगाच काढले तर बोंब होणार. म्हणून काढायला कारण हवे होते.

रफिकने बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. हमदुल्लाने जज्जसाहेबांना दुबईहून सोन्याचे घड्याळ पाठवले आणि त्यांनी ते ठेवून घेतले, असे त्यात लिहिले होते.

"घड्याळ मी पाठवलं नाय," हमदुल्ला म्हणाला.

"काहीतरी पाठवलं होतंस. गावात सगळ्यांना माहीत आहे."

ते खरे होते. खतीबसाहेब जज्ज झाल्याचे कळले तेव्हा त्याने आनंदाने एक ट्रान्झिस्टर पाठवला होता. तो दीड महिन्यात आगबोटीने परत आला, खोकेसुद्धा न उघडलेले. सोबत दोन ओळी होत्या. 'आता मी जज्ज आहे, कुणाकडून काही घेणं बरं नाही. आधीही घेतलं नसतं, पण तेव्हा सबब शोधावी लागली असती.'

हे त्याने रफिकला सांगितले नाही. विचार करतो, एवढेच म्हणाला. रफिक चार दिवस होता.

खाडीपलीकडच्या देरा भागात एका खोलीत हमदुल्ला तीन जणांबरोबर राहत असे. परत आलेला ट्रान्झिस्टर तिथे खिडकीत होता आणि संध्याकाळी सगळे त्यावर खरखरत्या बातम्या ऐकत. मुनीरला विचारायचे तर पत्र जाऊन उत्तर यायला महिना लागणार. ठरवायचे ते त्याचे त्यालाच होते. तीन दिवस तो कामावर गेला, पंप बसवला, दुसऱ्या एका लाँचचा मोडका पंखा बदलला. मुनीर दर महिन्याला लिहायचा, भाई, यंदा नक्की कायम होणार. लग्नही त्यावरच अडले होते. त्याच्यासाठी एक सही करायची. दुबईत केलेली सही, घरी कुणाला दिसणारही नाही. पण आईच्या घराच्या दारात खतीब वकील चपला काढून ठेवायचे, तेवढेच त्याला परत परत दिसत होते.

चौथ्या दिवशी दुपारी तो आंघोळ करून रफिकच्या मुक्कामी गेला आणि कागद परत दिला.

"हे झालंच नाय. झालेलं असतं तर सही केली असती."

रफिक रागावला नाही. तो म्हणाला, "मुनीरचं काय?"

"मुनीरला मी लिहीन. माझ्यामुळे झालं म्हणून."

"तुझ्या एका कागदाने काही अडत नाही, हमदुल्ला. साहेब जायचे ते जाणारच."

"मग माझा कागद कशाला पायजे?" हमदुल्लाने विचारले. त्यावर रफिकने बॅग बंद केली.

इथे हे मिटायला हवे होते. पण खोलीतल्या तय्यबला कुणकुण लागली. तय्यब कापडाच्या दुकानात सेल्समन होता आणि विरोधी पक्षाचा कट्टर माणूस. त्याने हमदुल्लाकडून सगळे काढून घेतले आणि हरखून गेला. सरकारची माणसे खोटा कागद घेऊन फिरतात, आणि जज्जाने भेट परत केल्याचा पुरावा आपल्या खोलीत आहे. ते दोन ओळींचे पत्र मुंबईला पाठवू, आपल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येईल, असे तो म्हणाला. सरकार खलास. शिवाय साहेबांवरचा डागही जाईल.

तय्यब मित्र होता, आजारपणात हमदुल्लाच्या उशाशी बसलेला. आणि यात खोटे काही नव्हते.

"उद्या लोक म्हणतील, साहेब तुमच्या पार्टीचे," हमदुल्ला म्हणाला. "त्यांनी निकाल दिला तो तुमच्यासाठी दिला नव्हता, तय्यब."

तय्यब दोन आठवडे त्याच्याशी बोलला नाही. एक डबा दोघांत खायचे, तो त्याने वेगळा केला.

मात्र ते पत्र नुसते पेटीत ठेवणेही हमदुल्लाला बरे वाटेना. दुसरा कुणी सही करणारा मिळाला तर? शुक्रवारी नमाजानंतर तो वही घेऊन बसला आणि हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींना मराठीत पत्र लिहिले. मी दुबईत लाँचवर मेकॅनिक आहे. मी रेडिओ पाठवला होता, तो साहेबांनी परत केला. घड्याळ मी कधी पाठवले नाही. मला कुणी काय सांगितले ते तुम्हाला कळायची गरज नाही, फक्त झाले ते कळवतो. खतीबांच्या दोन ओळी त्याने सोबत जोडल्या आणि पाकीट रजिस्टर केले. पोहोचल्याची पावती आली. उत्तर आले नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात खैरुन्निसाचे पत्र आले. खतीबसाहेबांची मुदत वाढली नव्हती. कारण कुणी दिले नव्हते. घड्याळाबद्दल कुठे अक्षर छापून आले नव्हते. साहेब सामान घेऊन रत्नागिरीला परत आले होते आणि पुन्हा वकिली करणार होते. शेवटी तिने लिहिले होते की मुनीरची बदली झाली आहे, पार डोंगरावर, एस.टी. जिथे थांबते तिथून अडीच तास चढण. हमदुल्लाने पत्र घडी करून खिशात ठेवले. त्या दिवशी त्याने इंजिनातले तेल दोनदा बदलले, हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

मुनीरचे पत्र पंधरवड्याने आले. 'भाई, शाळा वर आहे, हवा चांगली आहे. चौतीस पोरं आहेत, चपला एकालाही नाहीत. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आईचं घर कुणी वाचवलं ते मलाही माहीत आहे.'

तय्यबने ते पत्र मागून घेऊन वाचले. दुसऱ्या दिवसापासून डबा पुन्हा एक झाला.

अडुसष्ट सालच्या थंडीत कोकणातल्या दोन व्यापाऱ्यांचा भागीदारीचा तंटा तोडायला खतीब वकील दुबईला आले. खाडी ओलांडायला व्यापाऱ्यांनी जी लाँच ठरवली ती हमदुल्लाची. तो इंजिनाशी होता. व्यापारी ताडपत्रीच्या सावलीत बसले. खतीब मात्र मागे आले आणि इंजिनाच्या पेटीवर बसले. केस बरेच पांढरे झाले होते, काळा कोट मांडीवर होता.

"वांगडे ना तुम्ही?" त्यांनी विचारले. "चीफ जस्टिसांनी मी जाताना तुमचं पत्र मला दाखवलं होतं."

"काय उपयोग नाय झाला साहेब," हमदुल्ला म्हणाला.

"झाला की. मी गेलो, पण डाग घेऊन गेलो नाही."

मग खतीबांनी मुनीरची चौकशी केली. हमदुल्ला म्हणाला, त्या डोंगरावर दुसरा कुणी मास्तर जायला तयार नव्हता, तेव्हा गेल्या जूनमध्ये कचेरीने वैतागून मुनीरला तिथेच कायम करून टाकले. लग्नही झाले. त्याची बायको तिथल्या मुलींना शिवण शिकवते.

खतीब मोठ्याने हसले. पुढे बसलेल्या व्यापाऱ्यांनी वळून पाहिले.

"चला, एक तरी कायम झाला," ते म्हणाले.

पलीकडचा धक्का आला. व्यापारी घाईघाईने उतरून गाडीकडे गेले. खतीबांनी कोट अंगात घातला आणि हमदुल्लाचा हात धरून सावकाश पायरी चढले. धक्क्याच्या टोकाशी खजुराची पोती वाहणारा एक हमाल वाकून येत होता. त्याला वाट देण्यासाठी ते भिंतीला टेकून उभे राहिले, तो पूर्ण पुढे जाईपर्यंत, आणि मग उन्हात चालू लागले.

हमदुल्लाने दोरी सोडली. अलीकडे जायला दहाबारा माणसे येऊन बसली होती.